पाट्या वाचणाऱ्या विहीणबाई

आधीच सांगून टाकते, मला विहीणबाईंचा हेवा वाटतो. लोक असं कबूल करत नाहीत. 'आमचं फार छान जमतं हो' म्हणतात आणि आतल्या आत धुसफुसतात. मी नाही धुसफुसत, मी सरळ जळते. माझ्या नातीला वाचायला मी शिकवणार होते. मी, जिचा जन्म उज्जैनच्या सरकारी प्राथमिक शाळेत गेला, जिच्यासमोर अर्धा मोहल्ला 'अ अनार का' म्हणत मोठा झाला. आणि ते काम करून गेली कोण, तर सांगलीहून आलेली, जन्मात एक तास न घेतलेली बाई. तेही भडंग खात खात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

आम्ही उज्जैनच्या फ्रीगंजला राहतो. सासरे रेल्वेत होते, त्यांच्या बदलीबरोबर हे घर इकडे आलं आणि इकडचंच झालं. त्यामुळे आमची मराठी कशी आहे ते वेगळं सांगायला नको. नात तर आणखी पुढची. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळा इंग्रजी. "आजी, माझी पेन्सिल कुठे रखली तू?" असं विचारते आणि आम्ही उत्तर देतो, कोणाला काही खटकत नाही. ती तेव्हा तिसरीत होती.

पोरीची स्मरणशक्ती म्हणाल तर विचारू नका. दिवेलागणीला देवापुढे बसून श्लोक आणि पाढे म्हणायचे, हा परवचा आमच्या घरात मी कधी चुकू दिला नाही. टीव्ही बंद, मोबाईल बंद, मांडी घालून बसायचं. एखादं स्तोत्र दोनदा ऐकलं की हिनं पाठ केलंच समजा. मी शेजारणींना बोलावून ऐकवायची. शेजारणी तोंडात बोट घालायच्या, मी वरवर म्हणायची, "छे हो, पोरखेळ आहे."

परवचा झाला की शाळेचं हिंदीचं पुस्तक. ती वाचायची, मी मेथी निवडत ऐकायची. वाचन मी कानानं तपासते, ही माझी पहिल्यापासूनची पद्धत. शाळेत दुसरं करणार तरी काय? वर्गात पाय ठेवायला जागा नाही, टेबलावर कधी मतदार यादी, कधी खिचडीचा हिशोब, कधी वरून आलेल्या नव्या अभियानाचे तक्ते. पोरं एका सुरात पाठ म्हणायची आणि मी मान खाली घालून कागद भरायची. कुठे एखादी मात्रा गळली की मान वर न करता म्हणायची, "खिड़की के पास, फिर से बोलो." पोरं चळाचळा कापायची. बाईंना पाठीलाही कान आहेत, असं म्हणायची.

तर एक दिवस सूनबाई पालकसभेहून आली ती चप्पल न काढताच दारात उभी राहिली.

"आई, मॅडम म्हणतात हिला वाचता येत नाही."

"कोणाला?"

"कोणाला काय, आपल्या पोरीला. इंग्रजी सोडा, हिंदीपण नाही. न शिकवलेलं पान समोर ठेवलं तर एक शब्द बोलली नाही. दिवाळीनंतर परत बघणार आहेत. नाही आलं तर भाषेच्या तासांना दुसरीत नेऊन बसवणार."

मी हसलेच. "मॅडम नवी असेल. आजकाल कोणालाही शिक्षक करून राहिले आहेत. इकडे ये गं पोरी, पुस्तक आण. वाच मम्मीला मेळ्याचा पाठ."

पोरगी वाचायला लागली. काय ते वाचन! झुल्याचा आवाज, जिलेबीवाल्याची हाक, जिथं थांबायचं तिथं थांबणं. मी सूनबाईकडे असा कटाक्ष टाकला की बास. सूनबाई पोरीच्या मागे जाऊन उभी राहिली होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "पान बघा."

"काय बघायचं त्यात?"

"पान विहिरीच्या पाठाचं उघडलंय. ही मेळ्याचा पाठ म्हणतेय."

मी पुस्तक हातात घेतलं. जवळ धरलं, लांब धरलं, खिडकीशी नेलं. मला विहीर दिसेना की मेळा. सगळं दुधात बुडवल्यासारखं. तोवर पोरीनं भोकाड पसरलं होतं. "मला नाही छोट्या बच्च्यांमध्ये बसायचं! सगळे हसतील!" वर्गात कोणीतरी पाठ मोठ्यानं वाचायचं, ही दोनदा ऐकायची, झालं काम. परवच्यात तयार केलेलं डोकं होतं ते, माझ्याच हातचं.

मुलगा ऑफिसातून आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, पहले तुझे डोळे दाखव."

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, पिकून तयार. डॉक्टर म्हणाले, एकेक करून काढू, नवा चष्मा लागेपर्यंत महिना-दीड महिना वाचन बंद. म्हणजे बघा, पोरीला शिकवायची वेळ आली आणि मास्तरीणच आंधळी. शाळेतली पोरं आठवली, एका सुरात म्हणणारी. त्यातली वाचत किती होती? त्या विचाराला मी दाराबाहेरच उभं केलं. एका वेळी एकच परेशानी पुरे.

सूनबाई बँकेत, मुलगा फिरतीवर. माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, थेंब घालायला कोणीतरी हवं, म्हणून सूनबाईनं आपल्या आईला बोलावलं. मला विचारलं नाही, कळवलं. आमच्या वेळी मुलीच्या घरचं पाणी प्यायला लोक संकोचायचे. इथे विहीणबाई मोठी बॅग घेऊन उतरल्या, बॅगेत निम्मे कपडे आणि निम्मं भडंग.

"काय ओ विहीणबाई, लई त्रास होतोय का?" म्हणत त्यांनी माझा हात धरला. हसरी, गोल, मोठ्या आवाजाची बाई. जन्मभर कचेरीत टायपिंग केलेली. आल्या दिवशी माझं बोलणं ऐकून म्हणाल्या, "तुमची मराठी ऐकायला मज्जा येती बघा, निम्मी हिंदीच की!" मी काळ्या चष्म्याआडून बघितलं. दिसलं काही नाही, पण बघितलं.

त्यांना हिंदी येत नव्हती. म्हणजे अजिबातच. भाजी आणायला जायचं तर सब्जीवाल्याशी बोलणार कोण? म्हणून त्या नातीला घेऊन निघाल्या. परत आल्या त्या फाटकापासूनच दोघींचं खिदळणं ऐकू आलं. मी आतल्या खोलीत पडून. करण्यासारखं काही नव्हतं, ऐकण्याशिवाय. आणि ऐकण्यात तर माझा हात धरणारं कोणी नाही.

"आजी, सांग ना परत काय म्हणालीस ते!"

"अगं काय म्हणणार, पाटीवर लिवलंय, 'किराये से देना है'. मी म्हटलं, किराणा देणार असतील उधार."

"अगं, घर! घर भाड्यानं देणार आहेत!"

"हात् तुझी! मग तसं लिहावं की भल्या माणसानं."

आमच्यासमोर कितीतरी वर्षं ती पाटी आहे. मी रोज बघते, मला कधी त्यात हसू सापडलं नाही.

मग रोजचंच सुरू झालं. विहीणबाईंना अक्षरं येत होती, हिंदी आणि मराठीची लिपी एकच ना, पण अर्थ कळत नव्हता. पोरीला ऐकलेल्याचा अर्थ कळत होता, अक्षरं येत नव्हती. त्या पाटी वाचायच्या, त्यांच्या सांगली सुरात, धोंडे फोडल्यासारखी. पोरगी अर्थ सांगायची. दोघींची मिळून एक वाचणारी बाई तयार व्हायची. मला हे अंथरुणात पडल्या पडल्या समजलं, आणि समजल्यावर अंगाचा तिळपापड झाला. इतकी साधी गोष्ट! आणि मला करता येण्यासारखी नव्हती, कारण मला दोन्ही येत होतं.

मी आपल्या परीनं लढले. संध्याकाळ झाली की हाक मारायची, "परवच्याला चल गं." पोरगी यायची, घडाघडा म्हणायची आणि पळायची. 'बाराखडी आण' म्हटलं की तिला शू लागायची. मी विहीणबाईंना म्हटलं, "असं पाट्या वाचून कोणी शिकत नसतं. आधी अक्षर, मग शब्द, मग वाक्य. पद्धत असते." त्या म्हणाल्या, "होय की. तुम्ही शिकवाच. आम्ही आपलं फिरतोय." आणि गेल्या फिरायला. नेमकं त्या निघायच्या वेळी माझा डोळा खुपायला लागायचा. मी कण्हायची, त्या परत येऊन थेंब घालायच्या आणि तरीही जायच्याच. पोरगी दारातून ओरडायची, "आजी चल ना, अंधार होऊन राहिला!" ही 'आजी' म्हणजे मी नव्हे.

एकदा अशाच परत आल्या. ओसरीवर दूधवाल्यानं दिलेली जाहिरात पडली होती. विहीणबाईंनी उचलून वाचली, "दुकान बिकाऊ है."

"आजी, चूक!" पोरगी म्हणाली. "दुकान नाही, मकान आहे. बघ ना नीट. पहिलं अक्षर 'म' आहे, मम्मीचा 'म'."

मी अंथरुणात उठून बसले. पोरगी अक्षराकडे बघत होती. कानानं नाही, डोळ्यानं. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, कुठेतरी खाली. पण वर जे आलं ते खरं सांगते, नुसता जळफळाट. मला घसा फोडफोडून जे शिकवता आलं नाही ते त्या बाईनं चुकून शिकवलं. मोहल्ल्यातल्या बायकांना हे कळलं तर काय म्हणतील? घर का जोगी जोगडा, आन गाँव का सिद्ध. घरचा तो भिकारडा, परगावचा तो सिद्धपुरुष, अगदी तस्सं.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, थोडं बाहेर पडायला परवानगी मिळाली. विहीणबाईंना भेरूगढच्या छपाईच्या चादरी घ्यायच्या होत्या. मी म्हटलं, मी पण येते. एकट्या सोडायच्याच नाहीत, असं ठरवलं होतं. रिक्षात मी एका बाजूला काळा चष्मा लावून, मध्ये पोरगी, पलीकडे त्या. दोघींची शर्यत लागली होती. "दाँतों का दवाखाना!" "मी आधी वाचलं!" "ताज़ा पनीर... पुढं काय गं, गेली की पाटी!" रिक्षावालाही, इकडे त्याला भिया म्हणतात, हसायला लागला. गतिरोधकावर त्यानं मुद्दाम हळू घेतलं, पाटी वाचता यावी म्हणून. सगळी दुनिया त्यांच्या बाजूची.

छपाईच्या कारखान्यात पोरगी लाकडी ठसे बघत एका कारागिराच्या मागे लागली. आम्ही दोघी बाकावर बसलो. रंगाचा ओला वास येत होता. मला राहवलं नाही.

"खरं सांगा विहीणबाई, इतके दिवस झाले, अजून तुम्हाला हिंदी कळत नाही? रात्री त्या सिरियली बघता, बरोबर जागी रडता. तेव्हा कशी कळते?"

त्या हसल्या. आधी मोठ्यानं, मग पोरीकडे बघून हळू. "आल्यावर खरंच कळत नव्हती ओ. आईशप्पथ. आता कळती की बऱ्यापैकी."

"मग त्या मकानाच्या जागी दुकान?"

"ते मुद्दाम." त्यांनी पदर तोंडाला लावला. "तिला सांगू नका हां. तिला वाटतंय, तिच्यावाचून माझं अडतंय. अडू दे की."

नाटकी बाई, मी मनात म्हटलं. खोटारडी. आणि मग वाटलं, हे खोटं मला का सुचलं नाही? मला आयुष्यात कधी कोणासमोर 'येत नाही' म्हणता आलं नाही, चुकूनसुद्धा. त्यांनी निळी चादर घेतली, हातछपाईची, बारीक वेलीची. घरी आल्यावर कळलं ती माझ्यासाठी होती. चांगली निघाली, हेही वाईटच.

दिवाळी झाली, शाळेचा दिवस आला. सूनबाई रजा घेऊन गेली. मी खिडकीशी, विहीणबाई दारात. त्या देवाला हात जोडत होत्या, मी म्हटलं, "देव काय करणार, पोरीनं वाचायला पाहिजे." पण कान माझेही रिक्षाच्या आवाजाकडे लागले होते. पोरगी नापास झाली असती तर त्यांची जिरली असती, आणि एक क्षण, अगदी एकच, तसं व्हावं असं मला वाटून गेलं. मग त्या दुसरीच्या छोट्या बाकावर गुडघे मुडपून बसलेली माझी पोर डोळ्यांसमोर आली आणि मीही हात जोडले.

रिक्षा थांबली. पोरगी धावत आली. मॅडमनी न शिकवलेलं पान दिलं होतं. ती बोट ठेवून वाचत गेली, दोनदा अडली, अडली तिथे परत मागे जाऊन वाचलं, आणि न विचारता मॅडमना अर्थही सांगितला. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, अपनी ही क्लास में बैठो. इंग्रजीचं अजून बाकी आहे, ते पुढे बघू म्हणाल्या. हे सगळं पोरीनं सांगितलं विहीणबाईंच्या गळ्यात पडून. मी तिथेच उभी होते, हातभर अंतरावर. मग आठवण झाल्यासारखी माझ्याकडे आली आणि मलाही मिठी मारली. मोठ्या मिठीनंतरची छोटी मिठी कशी असते ते ज्यांना मिळाली त्यांनाच कळेल.

मला नवा चष्मा लागला आणि विहीणबाई निघाल्या. देवास गेटच्या बसस्टँडवरून इंदूरची बस, तिथून पुढे ट्रॅव्हल्स. मुलगा फिरतीवर, सूनबाई बँकेत, म्हणून पोहोचवायला मी आणि पोरगी. बस सुटेपर्यंत दोघींचं रडणं. विहीणबाईंनी खिडकीतून माझा हात दाबला. "पोरगी आता तुमची हां," म्हणाल्या. म्हणजे इतके दिवस कोणाची होती? पण तोंडातून माझ्या गेलं ते, "लवकर या परत." हे कसं गेलं, मला माहीत नाही.

परतताना रिक्षा केली नाही. मनात मनोरे रचून ठेवले होते. फ्रीगंजच्या पुलाकडे चालत जायचं, दोन्ही बाजूंना पाट्याच पाट्या, आणि बाजूला आता कोणी नाही. माझा चष्मा लख्ख. इतकं स्वच्छ मला कितीतरी वर्षांत दिसलं नव्हतं. पोरगी डोळे पुसत चालत होती.

"चल," मी म्हटलं, "ती समोरची पाटी वाचून दाखव मला."

तिनं पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. उद्धटपणा नाही, काही नाही, साधं विचारावं तसं विचारलं, "तुला कशाला? तुला तर सगळं येतं."

मी तिथेच थांबले. मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली, "अम्मा, साइड में." मी बाजूला झाले. मग चष्मा काढला, पर्समध्ये टाकला, पर्सची चेन ओढली.

"येतं गं," मी म्हटलं, "पण दिसत नाही ना. हा नवा चष्मा बरोबर नाही बसला. सगळं धूसर दिसून राहिलंय. तूच सांग काय लिहिलंय ते."

ती पर्सकडे बघत राहिली. माझ्या डोळ्यांकडे बघितलं. आठ वर्षांची पोर, पण ती काही भोळी नाही, माझीच नात आहे. मला वाटलं, आता म्हणणार, 'खोटं बोलतेस.' तिनं माझा कोपर धरला, जसा त्या बाईचा धरायची तसाच, आणि बोट वर केलं.

"पुल पर... वा... वाहन... खड़ा... करना... मना है." मग माझ्याकडे वळून, सावकाश, लहान मुलीला समजवावं तसं, "म्हणजे काय माहितीये का आजी? इथे पुलावर गाडी उभी नाही करायची."

जन्मभर हिंदी शिकवलेली मी.

"अस्सं होय?" मी म्हणाले. "मला बाई कुठलं कळायला!"

तेवढ्यात पर्समध्ये, चष्म्याच्या खाली, फोन वाजायला लागला. पोरीचा चेहरा उजळला. "सांगलीची आजी असेल! बसमधून करतेय! उचल ना!"

"वाजू दे," मी म्हटलं आणि पर्स दुसऱ्या काखेत घेतली. "घरी गेल्यावर करू. आधी सांग, ती पुढची पाटी काय म्हणतेय?"